बिलाचा प्रोग्रॅम अडला तर? यंत्राची मदत आणि दुकानदाराची नजर

संध्याकाळची गर्दीची वेळ. गिऱ्हाईक पैसे हातात घेऊन उभे आहे, आणि काउंटरवरील संगणक बिल काढण्याऐवजी पडद्यावर चार ओळी इंग्रजी मजकूर दाखवून गप्प बसला आहे. आपल्या अनेक छोट्या दुकानांत व कारखान्यांत हा प्रसंग आता नवा राहिलेला नाही. बिलाचा, उधारीचा किंवा मालसाठ्याचा प्रोग्रॅम बहुधा घरातल्याच कोणी शिकत्या मुलाने किंवा मुलीने तयार करून दिलेला असतो. तो चालतो तोवर सोय; अडला की मालक पुन्हा वही-पेन्सिलीवर येतात आणि संगणकवाल्याची वाट पाहत बसतात.

गेल्या काही वर्षांत या अडचणीवर एक नवे साधन हाती आले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे प्रोग्रॅमिंग सहायक साध्या चुका काही मिनिटांत दाखवून देतात व दुरुस्तही करतात. हे साधन व्यापाऱ्याने जरूर वापरावे. तथापि त्याच्या हाती काय सोपवावे आणि काय आपल्याच हाती ठेवावे, हे नीट समजून घेतले नाही तर अडलेला प्रोग्रॅम सुरू होईल, पण हिशेब मात्र बिघडेल. म्हणून या लेखात दोन्ही बाजूंची माहिती देत आहोत.

हे सहायक म्हणजे काय?

गिटहब कोपायलट हा सहायक जून २०२१ मध्ये चाचणीच्या स्वरूपात आणि जून २०२२ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. प्रोग्रॅम लिहिण्याच्या खिडकीतच तो पुढची ओळ सुचवितो. त्यानंतर ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी आले. पाठोपाठ जेमिनी, क्लॉड इत्यादी आले. यांच्याशी साध्या भाषेत, मराठीतही, प्रश्नोत्तरे करता येतात. मर्यादित वापर विनामूल्य मिळतो. घरगुती प्रोग्रॅमच्या किरकोळ दुरुस्तीला तेवढा बहुधा पुरतो.

या यंत्रांना जगभरातील लक्षावधी प्रोग्रॅम, त्यांतील चुका आणि त्यांची उत्तरे वाचावयास दिलेली असतात. त्यामुळे जी चूक हजारो लोकांनी पूर्वी केली आहे, ती यंत्राला पाहताक्षणी ओळखता येते. जुना घड्याळजी मशीन कानाशी धरूनच दोष सांगतो, तसाच हा प्रकार आहे. मात्र आपल्या दुकानाचे दर, आपल्या गिऱ्हाइकाशी ठरलेला व्यवहार, आपल्या मालाची मापे ही यंत्राने कोठेही वाचलेली नसतात. या लेखातील सारी गोम याच फरकात आहे.

चुकांचे तीन प्रकार

पहिला प्रकार लिहिण्याच्या चुकीचा. कंस उघडला पण बंद केला नाही, अवतरणचिन्ह राहिले, एखादे नाव एकदा ‘रेट’ व दुसऱ्यांदा ‘रेट्स’ असे लिहिले गेले. असा प्रोग्रॅम सुरूच होत नाही, किंवा त्या ओळीपाशी थांबतो.

दुसरा प्रकार चालता चालता अडण्याचा. प्रोग्रॅम सुरू होतो, पण मध्येच त्याला अक्षरांचा गुणाकार करावा लागतो, शून्याने भागावे लागते किंवा हवी ती फाइल सापडत नाही. मग तो थांबतो.

तिसरा प्रकार सर्वांत वाईट. प्रोग्रॅम कोठेही अडत नाही, बिल सुबक छापून येते, परंतु आकडा चुकीचा असतो.

पहिले दोन प्रकार ओरडून सांगतात. तिसरा मुका असतो.

एका दुकानाचे उदाहरण

समजा, तालुक्याच्या बाजारपेठेत पादत्राणांचे एक दुकान आहे. मालकाच्या भाच्याने पायथन या संगणकभाषेत बिलाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला आहे. पायथन १९९१ पासून प्रचारात असलेली भाषा असून शाळा-महाविद्यालयांतील मुले आता तीच बहुधा प्रथम शिकतात.

पहिल्या दिवशी प्रोग्रॅम सुरूच होईना. पडद्यावर ‘सिंटॅक्स एरर’ असे आले आणि सोबत ओळीचा क्रमांक. एकोणिसाव्या ओळीत कंस उघडा राहिला होता. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जुन्या पायथनमध्ये अशा वेळी बहुधा पुढच्या ओळीवर बोट ठेवले जाई आणि नवशिका तेथेच चूक शोधत बसे. ऑक्टोबर २०२१ च्या ३.१० या आवृत्तीपासून पायथन स्वतःच सांगते की अमुक कंस बंद झालेला नाही. म्हणून सहायकाकडे धाव घेण्यापूर्वी पडद्यावरील मजकूर एकदा शांतपणे वाचावा. निम्म्या चुका तेथेच सुटतात.

दुसऱ्या दिवशी वेगळीच गंमत झाली. गिऱ्हाइकाने ४५० रुपयांची चप्पल व २५० रुपयांची लहान मुलाची सँडल घेतली. बेरीज ७०० व्हावयास हवी. प्रोग्रॅमने बेरीज दाखविली ४५०२५०, आणि कराच्या ओळीवर येऊन ‘टाइप एरर’ म्हणून थांबला.

भाच्याने ही माहिती सहायकाला दिली आणि अर्ध्या मिनिटात उत्तर आले. ते असे: पायथनमध्ये कळफलकावरून घेतलेली प्रत्येक गोष्ट आधी मजकूर मानली जाते. ‘४५०’ ही संख्या नव्हे, तर तीन अक्षरे. अक्षरांची बेरीज म्हणजे ती एकापुढे एक चिकटविणे, म्हणून ४५०२५०. पुढे त्या मजकुराला कराच्या दशांश दराने गुणण्याची वेळ आली तेव्हा ते अशक्य असल्याने प्रोग्रॅम थांबला. उपाय इतकाच की किंमत आत घेतानाच तिचे संख्येत रूपांतर करावे. चूक कराच्या ओळीवर दिसली, पण तिचे मूळ चार ओळी वर होते. नवशिक्याचा एरवी तासभर गेला असता. यंत्राने तो वाचविला.

विचारावे कसे?

‘माझा प्रोग्रॅम चालत नाही’ एवढेच विचारले तर यंत्रही अंदाजच करील. हकिमाला ‘बरे नाही’ एवढेच सांगून औषध मागण्यासारखे ते आहे. पुढील पाच गोष्टी द्याव्यात.

१) प्रोग्रॅम कशासाठी आहे, हे एका वाक्यात.

२) पडद्यावरील चुकीचा मजकूर, ओळीच्या क्रमांकासह, जसाच्या तसा. आठवून लिहू नये, नक्कल करून चिकटवावा.

३) चुकीची ओळ व तिच्या आजूबाजूचा भाग.

४) आपण काय भरले आणि काय उत्तर यावयास हवे होते. उदाहरणार्थ, ‘४५० व २५० भरले, ७०० हवे होते, ४५०२५० आले.’

५) शेवटी ही विनंती: ‘फक्त ही चूक दुरुस्त कर, बाकी काही बदलू नकोस, आणि कारण मराठीत समजावून सांग.’

पाचवी गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. न सांगितल्यास ही यंत्रे कधी कधी उत्साहाने अर्धा प्रोग्रॅम नव्याने लिहून देतात आणि चालणारा भागही बिघडतो. कारण विचारल्याचा दुसरा फायदा असा की मूल त्यातून शिकते. पुढील वेळी तीच चूक विचारावी लागत नाही.

ज्यांचे काम एक्सेलवर चालते

अनेक कारागीर प्रोग्रॅम लिहीत नाहीत, पण मोजमाप, मजुरी आणि मालाचा भाव एक्सेलच्या तक्त्यात ठेवतात. सूत्र लिहिणे हेही एक प्रकारचे प्रोग्रॅमिंगच होय. तेथे घरात ‘नेम’ असा शब्द उमटला तर बहुधा सूत्राचे नाव चुकले आहे. ‘व्हॅल्यू’ आला तर संख्येच्या जागी मजकूर आहे. ‘रेफ’ म्हणजे सूत्र ज्या घरावर अवलंबून होते ते घर कोणी पुसून टाकले. ‘डिव्ह’ आणि पुढे शून्य म्हणजे रिकाम्या घराने किंवा शून्याने भागाकार झाला. सूत्र व हा शब्द सहायकाला दिला की दुरुस्ती लगेच मिळते.

मात्र येथेही मुक्या चुका आहेत. दुसरीकडून चिकटविलेले आकडे कधी मजकूर म्हणून बसतात. ‘सम’ हे सूत्र त्यांना मुकाट्याने वगळते आणि बेरीज कमी येते. दरपत्रकातून भाव उचलण्यासाठी ‘व्हीलुकअप’ वापरतात. त्यातील शेवटचा भाग, म्हणजे तंतोतंत नाव जुळलेच पाहिजे ही अट, लिहावयाचा राहिला तर ते जवळपासच्या भलत्याच मालाचा भाव उचलू शकते. सागवानाच्या जागी दुसऱ्या लाकडाचा भाव लागला तरी पडद्यावर काहीच लाल होत नाही.

जेथे यंत्र गप्प राहिले

आता पुन्हा पादत्राणांच्या दुकानात जाऊ. कंसाची चूक गेली, बेरजेची चूक गेली, बिले भराभर निघू लागली. आठवड्याने एक गिऱ्हाईक १५०० रुपयांचे दोन जोड घेऊन गेले. रात्री बिलांची चळत चाळताना मालकांची नजर त्या बिलावर अडली.

“या बिलावर कर ५४० कसा?”

“मामू, प्रोग्रॅम बरोबर चालतोय, कुठेच एरर नाही,” भाचा म्हणाला.

“एरर नसेल, पण हिशेब चुकला आहे. १५० हवा.”

मालकांचे म्हणणे खरे होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रति जोड २५०० रुपयांपर्यंत विक्रीमूल्याच्या पादत्राणांवर ५ टक्के व त्यावरील जोडांवर १८ टक्के जीएसटी आहे. मर्यादा एका जोडाची आहे. भाच्याने ती दोन जोडांच्या एकत्रित रकमेला, म्हणजे ३००० रुपयांना लावली होती. ५ टक्क्यांनी १५० रुपये व्हावेत तेथे १८ टक्क्यांनी ५४० रुपये घेतले गेले. गिऱ्हाइकाचे ३९० रुपये जादा गेले.

यंत्राने हे का सांगितले नाही? कारण त्याला कोणी विचारले नाही. त्याला फक्त बेरीज दुरुस्त करावयास सांगितले होते, आणि मर्यादेची ओळ भाषेच्या दृष्टीने निर्दोष होती.

याच ओळीत दुसरा धोकाही दडलेला असतो. ‘२५०० पेक्षा कमी’ आणि ‘२५०० किंवा कमी’ यांत प्रोग्रॅममध्ये केवळ एका चिन्हाचा फरक आहे. पण बरोबर २५०० रुपयांच्या जोडावर कर १२५ रुपये की ४५० रुपये, हे ते एक चिन्ह ठरविते. तयार कपड्यांच्या व्यापाऱ्यांनाही प्रति नग २५०० रुपयांची हीच मर्यादा व हेच दोन दर असल्याने त्यांनीही आपला प्रोग्रॅम तपासून घ्यावा.

तिसरा धोका जुन्या माहितीचा. यंत्राचे वाचन एका तारखेपर्यंतचे असते. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी १००० रुपयांपर्यंतच्या जोडावर १२ टक्के व त्यावर १८ टक्के कर होता. ‘चपलांचा जीएसटी लावून दे’ एवढेच सांगितले तर यंत्र तेच जुने दर आत्मविश्वासाने लिहून देण्याची शक्यता असते. म्हणून दर आपण सांगावेत. यंत्राला विचारू नयेत.

चौथी गोष्ट रुपयाच्या पूर्णांकाची. ४५० रुपयांच्या चपलेवर ५ टक्के कर २२ रुपये ५० पैसे. एकूण ४७२ रुपये ५० पैसे. बाजाराच्या रीतीने हे ४७३ होतात. जीएसटी कायद्याच्या कलम १७० मध्येही कराच्या रकमेसाठी ५० पैसे किंवा अधिक असल्यास वरचा रुपया धरण्याचा नियम आहे. पण पायथनमधील ‘राउंड’ ही आज्ञा बरोबर अर्धा आला की जवळच्या सम संख्येकडे जाते, म्हणून ती ४७२ देते. एक्सेलमधील ‘राउंड’ मात्र ४७३ देते. पैशाच्या हिशेबासाठी पायथनमध्ये ‘डेसिमल’ नावाची वेगळी सोय असून तीत अर्धा वर न्यावा असे सांगता येते. सहायकाला हे सांगितले तर तो दोन मिनिटांत तशी दुरुस्ती करतो. पण सांगावे आपणच लागते.

चूक दाबणे म्हणजे दुरुस्ती नव्हे

एका सवयीपासून विशेष सावध राहावे. ‘ही एरर घालव’ असे घाईने म्हटले की यंत्र कधी कधी चुकीच्या ओळीभोवती अशी आज्ञा घालते की ‘येथे काही बिघडले तर दुर्लक्ष करून पुढे जा.’ पायथनमध्ये हे ‘ट्राय’ आणि ‘एक्सेप्ट’ या शब्दांनी केले जाते. योग्य ठिकाणी ती उपयुक्त सोय आहे. परंतु आत नुसते ‘पास’ लिहिलेले असेल तर समजावे की आजार बरा झालेला नाही, रुग्णाचे तोंड बांधले आहे. एखादे बिल नोंदले न जाता निसटेल आणि महिन्याच्या शेवटी शिल्लक जुळणार नाही. दुरुस्ती स्वीकारताना हे शब्द दिसले तर ‘येथे चूक का लपविली?’ असे विचारावे.

पाच बिलांची कसोटी

सोनार कसोटीच्या दगडाशिवाय सोने घेत नाही. व्यापाऱ्यानेही प्रोग्रॅमसाठी अशी कसोटी वहीत लिहून ठेवावी. पादत्राणांच्या दुकानासाठी ती अशी होईल. किमती करापूर्वीच्या धरल्या आहेत.

१) ४५० रुपयांचा एक जोड: कर २२.५०, पूर्णांकात बिल ४७३.

२) बरोबर २५०० रुपयांचा एक जोड: कर १२५, बिल २६२५.

३) २५०१ रुपयांचा एक जोड: कर ४५०.१८, पूर्णांकात बिल २९५१.

४) १५०० रुपयांचे दोन जोड: कर १५०, बिल ३१५०.

५) १५०० रुपयांचा एक व ३००० रुपयांचा एक: कर ७५ अधिक ५४०, म्हणजे ६१५, बिल ५११५.

हे आकडे हाताने काढलेले असावेत, यंत्राने दिलेले नव्हेत. प्रोग्रॅममध्ये एका अक्षराचाही बदल झाला की ही पाच बिले पुन्हा काढून पाहावीत. पाचही जुळली तरच काउंटरवर तो प्रोग्रॅम वापरावा. शिंपी, सुतार, बेकरीवाले, यंत्रमागवाले यांनी आपापल्या धंद्यातील अशीच पाच-सहा उदाहरणे निवडावीत, आणि त्यांत मर्यादेच्या अगदी काठावरचे आकडे अवश्य घ्यावेत. मुकी चूक बहुधा काठावरच बसलेली असते.

याशिवाय तीन पथ्ये पाळावीत. दुरुस्तीपूर्वी जुन्या प्रोग्रॅमची प्रत तारीख घालून बाजूला ठेवावी. एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे बिघडल्यास कशाने बिघडले ते कळते. आणि गर्दीच्या वेळी दुरुस्ती करूच नये. तेवढ्यापुरते हाताने बिल फाडावे व दुकान बंद झाल्यावर शांतपणे बसावे.

गिऱ्हाइकाची माहिती बाहेर देऊ नये

सहायकाला मजकूर चिकटवताना उधारीची खरी यादी, गिऱ्हाइकांची नावे, मोबाइल क्रमांक, बँकेचा तपशील किंवा पासवर्ड कधीही देऊ नये. तो मजकूर आपल्या दुकानाबाहेर दुसऱ्या कंपनीच्या संगणकावर जातो. नावाच्या जागी ‘गिऱ्हाईक १’ आणि क्रमांकाच्या जागी दहा शून्ये लिहिली तरी यंत्राला चूक सापडते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये केंद्राचा स्वतंत्र कायदाही झाला आहे. पण कायद्याचा विचार बाजूला ठेवला तरी, कोणाची किती उधारी आहे ही गिऱ्हाइकाने आपल्याजवळ ठेवलेली अमानत आहे.

शेवटी जबाबदारी कोणाची?

कर जादा घेतला गेला तर तो आपला होत नाही. ग्राहकाकडून कर म्हणून घेतलेली रक्कम जीएसटी कायद्याच्या कलम ७६ प्रमाणे शासनाकडे भरावीच लागते. कमी घेतला गेला तर फरक आपल्या खिशातून, व्याजासह. ‘प्रोग्रॅमने तसे काढले’ किंवा ‘एआयने तसे लिहिले’ हे उत्तर ना कर खात्यात चालते, ना गिऱ्हाइकासमोर. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने तर दुकानदारानेच ३९० रुपये जादा घेतलेले असतात.

त्या दुकानातील मामूंना पायथनचे एक अक्षरही येत नव्हते. भाच्याला दरांची पुरती माहिती नव्हती. यंत्राला भाषा येत होती, पण दुकान ठाऊक नव्हते. तिघांनी आपापला वाटा उचलला तेव्हा प्रोग्रॅम खऱ्या अर्थाने दुरुस्त झाला. भाच्याने दुसऱ्या दिवशी ती ओळ बदलली, पाचही बिले काढून मामूंना दाखविली, आणि त्या गिऱ्हाइकाला निरोप पाठवून सुधारित बिल व ३९० रुपये परत दिले.

म्हणून घरातील मुले संगणकावर असे काही करीत असतील तर ‘आपल्याला त्यातले काय कळते’ म्हणून वडीलधाऱ्यांनी दूर राहू नये. कंस आणि चिन्हे यंत्र पाहील. आठवड्यातून एकदा दहा बिले हाताने पडताळून पाहण्याचे काम मात्र ज्याने गल्ल्यावर बसून आयुष्य काढले आहे त्याचेच आहे.